मागे जायचं बटण

माझ्या उजव्या हाताचा अंगठा गेले सात महिने फोनच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी शोधतो आहे. तिथे काहीही नाही. हे मला माहीत आहे, अंगठ्याला अजून कोणी कळवलेलं नाही. जुन्या फोनवर त्या कोपऱ्यात एक छोटा बाण असायचा. चुकीचं काही उघडलं की बाण दाबायचा, मागे यायचं. पुन्हा दाबायचा, आणखी मागे यायचं. आयुष्यात कुठेच नसलेली ही सोय नऊ वर्षं माझ्या अंगठ्याखाली होती आणि मी तिचं कधी कौतुक केलं नाही.

आयफोनला हे बटण नाही. मागे जाता येत नाही असं नाही, पण प्रत्येक ठिकाणी मागे जायची रीत निराळी. कुठे वर डावीकडे बाण, कुठे वर उजवीकडे फुली, कुठे ‘डन’ असं लिहिलेलं, कुठे अख्खं पान धरून खाली ओढायचं, आणि कुठे काहीच दिसत नसलं तर डाव्या कडेवरून बोट आत सरकवायचं. हे शेवटचं मला तीन आठवड्यांनी कळलं. तोपर्यंत मी चुकीच्या ठिकाणी गेले की फोन बंद करून चहा करत असे.

तर झालं असं. २०२४ च्या दिवाळीच्या पाडव्याला मुलगी म्हणाली, “आई, आता तू चांगला फोन वापर.” जुना फोन वाईट आहे असं मी कुठे म्हटलं नव्हतं. तो १७ हजारांचा होता, एका कोपऱ्याला तडा होता, पण माझं सगळं ऐकत होता. मुलीने आयफोन १५ आणला. हा फोन भारतात ७९,९०० ला आला होता, पुढचा नंबर निघाल्यावर ६९,९०० झाला. दहा हजार वाचले या आनंदात ६९,९०० गेल्याचं घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

डब्यात चार्जर नव्हता. २०२० पासून अ‍ॅपलवाले डब्यात चार्जर देत नाहीत, पर्यावरणासाठी. पर्यावरणासाठी कापडी पिशवी मीही नेते, पण त्या पिशवीबरोबर भाजी मिळते. सुदैवाने जुन्या फोनची वायर नव्याला लागली. त्याचं श्रेय माझ्या मुलीला नाही आणि दुकानदारालाही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी ठरवलं की सगळ्या फोनांना एकच टाइप-सी वायर लागली पाहिजे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या ओट्यावर, मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरमधल्या प्लगमध्ये कुठली वायर असावी, याची काळजी ६०२ युरोपीय लोकांनी केली. घरातल्या दोन माणसांनी केली नव्हती.

आता सामान हलवणं. कंपन्यांचं म्हणणं, इकडून तिकडे जाणं अगदी सोपं आहे. २०१५ साली अ‍ॅपलने अँड्रॉइडवाल्यांना आपल्याकडे आणायला ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं अ‍ॅप काढलं. ते मिळतं गूगलच्या दुकानात. म्हणजे आपल्या कामवाल्या मावशींना फोडायची पाटी शेजारणीने आपल्याच दारावर लावावी आणि आपण तिला खिळा-हातोडी द्यावी, तसं. २०२२ मध्ये गूगलनेही उलट दिशेची पाटी अ‍ॅपलच्या दारावर लावली. तेव्हापासून दोन्हीकडे मावशींची ये-जा सुरू आहे.

त्याच वर्षी आणखी एक सुधारणा झाली. तोवर अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅप गप्पा आयफोनवर नेता येत नव्हत्या, कारण एकाचा बॅकअप गूगलच्या कपाटात आणि दुसऱ्याचा अ‍ॅपलच्या, आणि एका कपाटाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. आता नेता येतात. अट एवढीच की नवा फोन अगदी कोरा हवा, दोन्ही फोन चार्जिंगला हवेत, आणि मधे कुणी ढवळाढवळ करायची नाही. ऑपरेशन थिएटरला यापेक्षा फारशा वेगळ्या अटी नसतात.

मी दोन्ही फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. हलवायचं होतं ते २३ जीबी. त्यात ‘माहेरची माणसं’ या ग्रूपवरची जवळपास सगळी सुप्रभातं होती: सूर्य, गुलाब, वाफाळता कप आणि त्याखाली कुणाच्याही नावावर खपवलेला सुविचार. रांगोळीचे पट्टे भरावेत तशी ती निळी रेघ भरत चालली होती. ८२ टक्क्यांवर वीज गेली.

नियम असा की अर्धवट आलेलं चालत नाही. नवा फोन पुसून पुन्हा कोरा करायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी भाऊ आला, त्याला ओवाळलं, तबक ठेवायला ओट्यावर जागा नव्हती कारण तिथे सुप्रभातं हलत होती. संध्याकाळी ती सुखरूप पोचली. मी त्यांतलं एकही आजवर उघडून पाहिलेलं नाही. पण ती आहेत.

यूपीआयची गोष्ट वेगळी. फोन बदलला की बँकेला तुमची ओळख नव्याने पटवावी लागते: सिममधून बँकेला एक एसएमएस जातो, मग पिन. अँड्रॉइडवर तो एसएमएस अ‍ॅप परस्पर पाठवतं. आयफोनवर अ‍ॅपला अशी परस्पर लुडबुड करायची मुभा नाही. मजकूर तयार समोर येतो, पाठवायचं बटण माणसाने दाबायचं. मला हे फार सभ्य वाटलं. सभ्यतेची किंमत दुसऱ्या दिवशी कळली.

पुतणीचं लग्न ठरलं होतं, आणि मी व माझी धाकटी बहीण पैठणी घ्यायला येवल्याला गेलो. दोन तास साड्या पाहिल्या. मोरांचा पदर, अंगभर बारीक बुट्टे, रंग डाळिंबी. १४,५०० सांगितले, १३,२०० ला तुटलं. मी फोन काढला. दुकानदाराने नुसता फोन पाहिला आणि १३,२०० ला हो म्हटल्याचा पश्चात्ताप त्याच्या चेहऱ्यावर उमटला. मी कोड स्कॅन केला, रक्कम घातली, पिन घातला. नाही गेले. पुन्हा. नाही. बँकेच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने शांतपणे सांगितलं की मॅडम, नवीन फोनवर पहिल्यांदा नोंदणी केली की काही काळ ५,००० च्या वर पाठवता येत नाहीत. अँड्रॉइड असेल तर २४ तास. आयफोन असेल तर ७२.

“७२ का?”

“सुरक्षेसाठी, मॅडम.”

म्हणजे १७ हजारांच्या फोनवर बँकेचा माझ्यावर एका दिवसात विश्वास बसला असता, सत्तर हजारांच्या फोनवर तीन दिवस. बहिणीने तिच्या ११ हजारांच्या फोनवरून १३,२०० भरले. पावती फाडताना दुकानदार म्हणाला, “ताई, तीन दिवस थांबला असता तर दुसरा पदर विणून ठेवला असता.” बहीण परतीच्या वाटेवर निफाडपर्यंत काही बोलली नाही. निफाडला उसाच्या रसाचे पैसे मी दिले, चाळीस रुपये, लगेच गेले. तेव्हा ती म्हणाली, “ताई, एवढ्याला चालतो की तुझा फोन.”

भाव करणं हे मी या शहरात तीस वर्षं कष्टाने कमावलेलं कौशल्य आहे. ते एका फोनने संपवलं. कोथिंबिरीची जुडी वीसला सांगितली, मी पंधरा म्हटलं, भाजीवाल्या मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि जुडी पिशवीत घालत म्हणाल्या, “आयफोनवाल्या बाई पण घासाघीस करायला लागल्या आता.” यावर उत्तर नाही. मुलीने दिलाय, हे सांगावं तर मुलीचा पगार निघतो. आता मी बाजारात फोन पर्समध्ये खाली, डब्याच्या आणि छत्रीच्या खाली ठेवते आणि नोटा नेते. डिजिटल भारतात माझ्यापुरती ही पीछेहाट झाली आहे.

लग्नात निराळंच. “तुझ्या फोनवर काढ गं, तुझा छान येतो” असं एकेक जण म्हणत गेलं. फोटो छान येतात हे मी नाकारत नाही. मांडवातला अंधार, समईचा उजेड, आजेसासूबाईंच्या नथीतला लाल खडा, सगळं जसंच्या तसं. मी ३१२ फोटो काढले. त्यांतल्या एकातही मी नाही. मग सगळ्यांना पाठवायचे. आयफोनवरून आयफोनवर एअरड्रॉपने फोटो सर्रकन जातात, पण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात दुसरा आयफोन एकच, तो मुलीचा, आणि मुलीने स्वतःच फोटो काढले होते. आमचे हे सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून म्हणाले, “ब्लूटूथने पाठव ना.” आयफोनच्या ब्लूटूथवर कानातलं जोडता येतं, घड्याळ जोडता येतं, नवऱ्याला फोटो पाठवता येत नाही. शेवटी मी ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. सोफ्याच्या या टोकावरून ते कुठल्याशा देशातल्या सर्व्हरवर गेले, तिथून सोफ्याच्या त्या टोकाला आले, आणि प्रवासात नथीतला खडा विरघळला. हे म्हणाले, “फोटो काही खास येत नाहीत गं याचे.”

या विषयावर अ‍ॅपलच्या टिम कुक यांचं मत जगजाहीर आहे. २०२२ मध्ये एका कार्यक्रमात एकाने त्यांना विचारलं की माझ्या फोनवरून पाठवलेले व्हिडिओ आईच्या फोनवर धड दिसत नाहीत, काय करावं. कुक यांनी सांगितलं, आईला आयफोन घेऊन द्या. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सरकारने अ‍ॅपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात हा किस्साही घातला. माझ्या मुलीच्या कानावर तो आधीच गेला असावा. आईला घेऊन दिला. वडिलांचं काय करायचं, हे त्या माणसाने विचारलं नाही, म्हणून कुक यांनी सांगितलं नाही.

आणि अ‍ॅपल व गूगल ही दोन घराणी एकमेकांचं तोंड पाहत नसतील असं आपण समजतो. गूगलवरच्या खटल्यात बाहेर आलं की अ‍ॅपलच्या सफारीत लोकांनी काही शोधलं तर ते गूगलवरच शोधलं जावं, यासाठी गूगलने एकट्या २०२२ मध्ये अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. म्हणजे वाड्यावर दोघांची पंगत व्यवस्थित चालू आहे. भाऊबंदकी आमच्या सोफ्यावर.

जागेचं म्हणाल तर अ‍ॅपल ५ जीबी फुकट देतं. हे २०११ पासून ५ च आहेत. तेव्हा पेट्रोल काय भाव होतं ते आठवून पाहा. ३१२ फोटो आणि काही सुप्रभातं यांनी ते दोन दिवसांत भरले, तेव्हा महिना ७५ रुपये देऊन ५० जीबी घेतले. गूगलचे १५ जीबी फुकट असतात, ते माझे पूर्वीच भरले होते, त्याचे १३० रुपये महिना जात होते. ते बंद करावेत, तर नऊ वर्षांचे फोटो तिथेच आहेत. तर आता माझं सामान दोन ठिकाणी आहे आणि भाडं दोन्हीकडे जातं. असं माझ्या माहितीत फक्त बदलीच्या नोकरीतल्या लोकांचं होत असे, आणि त्यांना निदान घरभाडे भत्ता मिळे.

आमच्या सोसायटीची मी खजिनदार आहे. हे पद मला निवडणुकीने नाही, सभेला वेळेवर पोचल्याने मिळालं. लिफ्टच्या देखभालीचा माणूस फोनवर एक बोलतो आणि बिलात दुसरं लिहितो, म्हणून जुन्या फोनवर मी त्याचे कॉल रेकॉर्ड करत असे. आयफोनवर ही सोय इतकी वर्षं नव्हतीच. ती २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, १८.१ या अपडेटने आली. आली ती अशी, की बटण दाबलं की दोन्हीकडे जाहीर होतं: हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. इंग्रजीत, अगदी पाहुण्याला पाट मांडल्यासारख्या आदबीने. लिफ्टवाला एका वाक्यात बदलला. तोवर “उद्या बघू ओ” म्हणणारा माणूस “निश्चितच, मॅडम, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे” असं बोलू लागला. लिफ्ट तशीच आहे. दुसऱ्या मजल्यावर उघडते, तिसऱ्यावर विचार करते. माझ्याकडे मात्र आता त्याच्या सौजन्याचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे.

सोसायटीच्या टाकीचा फोटो एका अर्जाला लावायचा होता. फोन झेरॉक्सवाल्याच्या कम्प्युटरला वायरने जोडला, फोटो उतरवले. “मॅडम, हा उघडत नाही. एचईआयसी आहे.” मी म्हटलं, टाकी आहे. तो म्हणाला, “फोटोची जात, मॅडम. जेपीजी लागते.” जातीचा दाखला मागणाऱ्या अर्जांशी माझा परिचय होता; फोटोलाही लागतो हे नवीन. २०१७ पासून आयफोन फोटो या जातीत ठेवतो, त्यात जागा कमी लागते. वाचवलेल्या जागेचं काय होतं ते वर सांगितलंच. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलता येतं. हे त्या झेरॉक्सवाल्या मुलानेच करून दिलं, दहा रुपये घेतले, आणि परत देताना फोन दोन्ही हातांनी दिला.

रिंगटोनचं थोडक्यात सांगते, कारण मला अजून त्रास होतो. जुन्या फोनवर भीमसेनांचा एक अभंग लावला होता. नवा फोन आला तेव्हा इथे स्वतःकडचं गाणं रिंगटोन म्हणून लावायला गॅरेजबँड नावाच्या अ‍ॅपमधून जावं लागत होतं, जे संगीत तयार करणाऱ्यांसाठी आहे. मुलगी म्हणाली, “सोपं आहे, आई, बसू एकदा.” ते एकदा अजून आलेलं नाही. सध्या माझा फोन जगातल्या कोट्यवधी फोनांसारखा वाजतो आणि दवाखान्यात तो वाजला की सात माणसं खिसे चाचपतात.

न्याय करायचा तर नव्या फोनची बाजूही मांडली पाहिजे. तो गरम होत नाही. बॅटरी रात्रीपर्यंत पुरते. अपडेट अजून बरीच वर्षं येत राहतील म्हणतात. जुन्याला दोन वर्षांनी कंपनीने बेवारस सोडलं होतं. आणि तो गप्प असतो. जुना फोन सतत काहीतरी सुचवत असे. कचरा साफ करा. वॉलपेपर बदला. आणि दिवसातून सहा-सात वेळा: तुमच्यासाठी कर्ज मंजूर आहे. नवा फोन आल्यापासून मला कोणीही कर्ज दिलेलं नाही. पहिले दोन दिवस शांत वाटलं. मग मला वाटू लागलं की माझी पत कमी झाली.

जुना फोन विकायचं ठरलं होतं. एक्स्चेंजमध्ये दुकानाने त्याचे २,१०० सांगितले, काचेला तडा म्हणून पुढे १,६०० वर आले. मी फोन परत पर्समध्ये टाकला. भंगारवाल्यानेही आमच्या सायकलला यापेक्षा आदराने वागवलं होतं. फोन ड्रॉवरमध्ये जाऊन पडला, रबरबँड, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्यांच्या सोबत.

एप्रिलमध्ये एसीचा रिमोट हरवला. दरवर्षी हरवतो. तेव्हा आठवलं की जुन्या फोनच्या डोक्यावर एक बारीक काळा ठिपका आहे, त्यातून रिमोटसारखे किरण निघतात आणि त्यावर टीव्ही, एसी, पंखा सगळं चालतं. मी आयफोन उलटासुलटा करून पाहिला. त्याच्यावर कॅमेरे आहेत, चेहरा ओळखणारं काहीतरी आहे, गाडीला मोठा अपघात झाला तर मदतीला हाक मारेल अशी काही व्यवस्था आहे म्हणे. एसी लावायची व्यवस्था नाही. हे म्हणाले, “तो जुना आण की.”

तेव्हापासून जुना फोन बेडरूममध्ये खिडकीच्या कठड्यावर असतो. त्याला वेगळा चार्जर आहे. नव्याला नाही, नवा ओट्यावरच. रात्री झोपताना जुना हातात घेतला की अंगठा आपोआप खालच्या कोपऱ्यात जातो, आणि तिथे बाण असतो. एसीच्या पानावरून एकदा मागे, दोनदा मागे. काही काम नसतं. नुसती जाऊन येते.

परवा पहाटे थंडी वाजली म्हणून उठून तो घेतला. पडद्यावर अंधारात एकच ओळ उजळली होती: तुमच्यासाठी २ लाखांचं कर्ज मंजूर आहे. मी एसी २७ वर केला, फोन जागेवर ठेवला. ती ओळ पुसली नाही.